नॅनोकणांनी कर्करोग लवकर दिसेल का?

पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: सोन्याचे किंवा लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण टोचले की उंदराच्या अंगातली दोन-तीन मिलिमीटरची गाठसुद्धा स्कॅनमध्ये लख्ख दिसते, असे शोधनिबंध गेली वीस वर्षं येतायत. मग माणसांच्या तपासणीत हे कण कुठेच का भेटत नाहीत? आणि याच विषयात पीएच.डी. करावी का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. जरूर करा, फक्त 'माझा कण तुझ्या कणापेक्षा जास्त चमकतो' या विषयावर करू नका. ते काम भरपूर झालंय. मी स्वतः त्यात सहा वर्षं घातली आहेत, म्हणून हक्काने सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, आणि त्याची सुरुवात हिशेबापासून करावी लागते. रुग्ण ज्याला सरसकट 'डाय' म्हणतात त्या कॉन्ट्रास्टचं काम एवढंच, की शेजारच्या पेशींपेक्षा गाठ वेगळी दिसावी. हे वेगळेपण डोळ्यांना जाणवायला त्या जागी किती पदार्थ पोचायला हवा, हे प्रत्येक यंत्रासाठी निराळं असतं. पेट स्कॅन किरणोत्सर्गी अणू मोजतो, त्यामुळे त्याला अगदी कणभर पुरतं. एमआरआयला त्याहून पुष्कळ जास्त लागतं. सीटी सगळ्यांत खादाड: पेटच्या तुलनेत लाखो पट पदार्थ गाठीत साठल्याशिवाय सीटीला काही दिसत नाही. 'नॅनोकण चांगले की वाईट' असा मोघम प्रश्न कुणी विचारला की मी उलट विचारतो, कोणत्या यंत्रासाठी?

सोनं घ्या. सोन्याचा अणुक्रमांक ७९, आयोडीनचा ५३. म्हणून सोनं क्षकिरण जास्त अडवतं, असं जवळपास प्रत्येक निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलेलं असतं. सोबत 'वजनास वजन घेतलं तर २.७ पट' हा आकडाही असतो. आकडा खरा आहे, पण तो १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या किरणांसाठी. ज्या ऊर्जेला एखाद्या मूलद्रव्याचं किरण शोषणं एकदम उडी मारून वाढतं तिला के-कड म्हणतात; सोन्याची ८०.७ वर आहे, आयोडीनची ३३.२ वर. रुग्णालयातला सीटी १२० किलोव्होल्टवर चालतो तेव्हा नळीतून निघणाऱ्या किरणांची सरासरी ऊर्जा साठ-पासष्टच्या आसपास असते, आणि ६० वर तर आयोडीनच सोन्यापेक्षा जास्त किरण शोषतं. म्हणजे नेहमीच्या सीटीत हा गाजावाजा केलेला फायदा पुष्कळच विरून जातो. निबंध वाचताना व्होल्टेज कुठे दिलंय ते आधी शोधा. ते पुरवणी माहितीत दडवलेलं असेल तर समजून जा.

आता मात्रा. एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम आयोडीन असेल तर सीटीत साधारण २५ हाउन्सफील्ड एककांचा (सीटीतला उजळपणा मोजायचं माप) फरक पडतो. सोन्याचंही ढोबळमानाने तेवढंच धरू. लहान गाठ खात्रीने ओळखायला एवढा फरक तरी हवाच, म्हणजे एक ग्रॅम गाठीमागे एक मिलिग्रॅम सोनं. उंदरात हे जमतं. २५ ग्रॅमच्या उंदरात टोचलेल्या एकूण मात्रेपैकी ५ टक्के दर ग्रॅम गाठीत पोचली तर आम्ही पेढे वाटण्याच्या बेतात असतो. पण माणूस ७० किलोचा, म्हणजे उंदराच्या २,८०० पट. मात्रा तेवढ्या मोठ्या शरीरात पसरली की दर ग्रॅमला ५ टक्क्यांऐवजी ०.००१८ टक्के उरतात. त्यातून एक मिलिग्रॅम मिळवायचा तर शिरेतून ५६ ग्रॅम सोनं द्यावं लागेल.

हा आकडा ऐकून लोक हसतात. हसण्यासारखं त्यात फार नाही, कारण नेहमीच्या सीटीत आपण ३५ ग्रॅम आयोडीन एका दमात देतोच. फरक पुढे आहे. ते आयोडीन लहान रेणूत बांधलेलं असतं आणि मूत्रपिंडं ठीक असतील तर दिवसाभरात लघवीवाटे जवळजवळ सगळं निघून जातं. सोनं जात नाही. ४० नॅनोमीटरचे सोन्याचे कण उंदराला टोचून सहा महिन्यांनी यकृत तपासलं तर बहुतेक सोनं तिथेच बसलेलं सापडतं.

घोडं पेंड खातं ते इथे. कण तेजस्वी करण्याचं कोडं केव्हाच सुटलं. सुईतून आत शिरलेला कण जातो कुठे, आणि बाहेर पडतो कधी, हे मात्र सुटलेलं नाही.

रक्तात पाय ठेवल्याबरोबर कणावर प्रथिनांचा लेप चढतो. याला आम्ही प्रोटीन करोना म्हणतो. तुम्ही महिनोन्महिने खपून कणाच्या पृष्ठभागावर गाठीच्या पेशी ओळखून चिकटणारं जे प्रतिपिंड (अँटिबॉडी) बसवलेलं असतं, ते या लेपाखाली गाडलं जातं. मग यकृतातल्या कुप्फर पेशी आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी तो कण जंतू समजून गिळतात. गाळणीसारखी रचना असलेली मूत्रपिंडं फारच बारीक कण बाहेर सोडतात. २००७ साली क्वांटम डॉट्स, म्हणजे अर्धवाहक पदार्थाचे चमकणारे नॅनोकण, वापरून ही मर्यादा मोजली गेली: लेपासकट व्यास साडेपाच नॅनोमीटरच्या आत असेल तरच कण लघवीवाटे झटपट निघतो. त्याहून बराच मोठा झाला की तो यकृताचा पाहुणा. आणि कण त्याहून लहान केला तर गाठीत साठण्याआधीच तो शरीराबाहेर पडण्याची शक्यता वाढते. या दोन टोकांमधली जागा फार अरुंद आहे.

गाठीत कण साठतात का, याबद्दलची सगळी आशा १९८६ साली मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी मांडलेल्या निरीक्षणावर उभी होती. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असतात, त्यांच्या भिंतींना फटी राहतात, आणि लसिकावाहिन्यांचा निचराही नीट होत नाही. त्यामुळे मोठे रेणू गाठीत पाझरतात आणि तिथेच अडकून राहतात. कल्पना सुंदर आहे, उंदरात ती बऱ्याच अंशी दिसतेही. पण २०१६ साली टोरंटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने मागच्या दहा वर्षांतले निबंध पिंजून काढले आणि टोचलेल्या मात्रेपैकी प्रत्यक्ष गाठीत पोचणाऱ्या कणांचं मध्यक मूल्य निघालं ०.७ टक्के. उरलेले ९९ टक्क्यांहून जास्त कण शरीरात इतरत्र. याच गटाने २०२० साली आणखी एक धक्का दिला: कण फटींमधून पाझरतात हे गृहीतकच डळमळीत आहे, ९७ टक्क्यांपर्यंत कण वाहिनीच्या भिंतीतल्या पेशींमधून सक्रियपणे पलीकडे नेले जातात. एवढं मोठं क्षेत्र फटींच्या भरवशावर उभं केलं होतं आणि फटीच मुख्य वाट नव्हत्या.

यातला एक मुद्दा मला सर्वांत जास्त छळतो, आणि तो निबंधांत क्वचितच येतो. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायला तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, हे अमेरिकी शल्यविशारद जूडा फोकमन यांनी १९७१ सालापासून सांगितलेलं आहे. त्याच्या आत गाठ आजूबाजूच्या पेशींतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर जगते. म्हणजे ज्याला आपण खऱ्या अर्थाने 'अगदी सुरुवातीची' गाठ म्हणू, तिच्यात कण पोचवणाऱ्या वाहिन्याच नसतात. कण रक्तातून जाणार, आणि रक्त तिथे जात नाही.

'मग उंदरात कसं दिसतं?' कारण उंदराच्या पाठीवर कातडीखाली वाढवलेली अर्ध्या ग्रॅमची गाठ त्याच्या वजनाच्या २ टक्के असते. माणसात याच प्रमाणात गाठ धरली तर ती होते १.४ किलोची. ती शोधायला स्कॅन कशाला हवा? उलट माणसातली पाच मिलिमीटरची गाठ जेमतेम ६५ मिलिग्रॅमची, सबंध शरीराच्या दहा लाखांतला एखादा भाग. उंदीर हा चुकीचा प्राणी आहे असं मी म्हणत नाही, पण त्याच्यावरून काढलेला 'लवकर निदान' हा शब्द फार सैल वापरला जातो.

माझी एक फजिती सांगतो. लोहाच्या ऑक्साइडच्या कणांवर आम्ही एक प्रतिपिंड बसवलं होतं. पहिल्याच फेरीत एमआरआयवर गाठ काळीकुट्ट दिसली, आणि त्या रात्री आम्ही निबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं. दोन आठवड्यांनी एका सहकाऱ्याने प्रतिपिंड न लावलेले कण दुसऱ्या उंदरांना टोचले. गाठ जवळपास तेवढीच काळी. आमचं महागडं प्रतिपिंड फक्त सोबतीला गेलं होतं. पुढे तपासलं तर हे कण मीठपाण्यात १५ नॅनोमीटरचे होते आणि रक्तद्रवात शंभरीच्या घरात, म्हणजे गुठळ्या झालेल्या. ही तपासणी पहिल्या दिवशी करायला अर्धा तास पुरला असता.

एवढं सगळं वाचून नॅनोकण निरुपयोगी आहेत असा समज करून घेऊ नका. जिथे ते चालले तिथली गंमत बघण्यासारखी आहे. तिथे कुणी गाठीत कण पोचवण्याचा हट्ट धरलाच नाही. कण जिथे आपणहून जातात तिथे त्यांना जाऊ दिलं, आणि ते जिथे गेले नाहीत ती जागा बघितली.

फेरिडेक्स या नावाचे लोहाच्या ऑक्साइडचे कण अमेरिकेत १९९६ साली यकृताच्या एमआरआयसाठी मंजूर झाले. निरोगी यकृतातल्या कुप्फर पेशी लोह गिळतात आणि यकृत काळं पडतं. दुसरीकडून आलेल्या कर्करोगाच्या गाठीत कुप्फर पेशी नसतात, म्हणून गाठ उजळ राहते. काळ्या पाटीवर खडूचा ठिपका. कणांची जी खोड आम्हाला नडते तिचाच उपयोग करून घेतला. उत्पादन २००८ साली थांबलं. मुख्य कारण साधं होतं: हळूहळू, अर्धा तास सलाइनमधून द्यावं लागायचं, काहींची पाठ दुखायची, आणि तोवर गॅडोलिनियमचे असे लहान रेणू आले होते जे यकृताच्या पेशीच उचलतात आणि एकाच बैठकीत काम उरकतं.

लसिका ग्रंथींची गोष्ट जास्त हुरहूर लावणारी आहे. नोडमध्ये, म्हणजे अशा ग्रंथीत, कर्करोग गेलाय का, हे सीटी-एमआरआय मुख्यतः आकारावरून ठरवतात. नोड मोठी तर संशय, लहान तर ठीक. पण लहान नोडमध्येही रोग असतो. फेरुमॉक्सट्रान-१० हे बारीक लोहकण शिरेतून दिले की २४ तासांत निरोगी नोडमधल्या भक्षक पेशी ते साठवतात आणि नोड काळी होते. रोगाने व्यापलेला भाग पांढरा राहतो. २००३ साली प्रोस्टेट कर्करोगाच्या ८० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकेक नोड मोजली तर साध्या एमआरआयची संवेदनशीलता, म्हणजे रोग असलेल्या नोड पकडण्याचं प्रमाण, ३५.४ टक्के होती, कणांसह ९०.५ टक्के. आम्ही सगळे हरखून गेलो होतो. मग २००५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने अनुकूल कौल दिला नाही, आणि २००७ साली युरोपातला अर्ज मागे घेतला गेला. नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या गटाने मात्र तो कण सोडला नाही, त्यावर काम चालू ठेवलं. दरम्यान मैदान दुसऱ्याच गड्याने मारलं. पीएसएमए या प्रोस्टेट पेशींवरच्या प्रथिनाला चिकटणारा गॅलियम-६८चा लहान रेणू २०२० साली अमेरिकेत मंजूर झाला आणि पेट स्कॅनमध्ये तो झपाट्याने रुळला.

या गोष्टीतून तुम्ही स्पर्धा कोणाशी आहे ते ओळखा. तुमच्या नॅनोकणाचा खरा प्रतिस्पर्धी शेजारच्या प्रयोगशाळेतला नॅनोकण नसून एखादा साधा, छोटा, तासाभरात लघवीतून जाणारा रेणू असतो. कणाला हवं असेल तर त्याने असं काही करून दाखवावं जे त्या रेणूला जमत नाही.

असं एक काम रोज चालतं, फक्त त्याला कुणी 'नॅनो' म्हणत नाही. स्तनाच्या कर्करोगात पहिली लसिका ग्रंथी शोधायला टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सर्गी अणूचे कलिल कण (द्रवात तरंगणारे बारीक कण) अनेक वर्षं वापरात आहेत. कण स्तनात टोचतात, ते लसिकावाहिनीतून पहिल्या नोडपर्यंत जातात आणि तिथे अडकतात. अंतर काही सेंटिमीटरचं, वाटेत यकृत नाही. टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तास, त्यामुळे शस्त्रक्रियेची वेळ सांभाळावी लागते आणि न्यूक्लिअर मेडिसिन विभाग जवळ असावा लागतो. मॅगट्रेस हे लोहकण २०१८ साली अमेरिकेत याच कामासाठी मंजूर झाले. ते बरेच दिवस आधी टोचता येतात आणि चुंबकीय शोधकाने सापडतात. तोटे आहेतच: कातडीवर तपकिरी डाग बराच काळ राहतो आणि त्या भागाचा नंतरचा एमआरआय खराब होतो. पण काम होतं.

शिरेतून द्यायच्या कणांत मला सर्वांत प्रामाणिक वाटलेलं काम कॉर्नेल डॉट्सचं. सहा-सात नॅनोमीटरचा सिलिकाचा कण, आत चमकणारा रंग, बाहेर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा थर, आणि सोबत आयोडीन-१२४, म्हणजे मोजायला पेट. २०११ साली माणसांवर चाचणीची परवानगी मिळाली आणि २०१४ साली पसरलेल्या मेलानोमाच्या (कातडीच्या एका कर्करोगाच्या) पाच रुग्णांवरचे निष्कर्ष आले. पाचच रुग्ण, पण कण मूत्रपिंडातून बाहेर पडतात हे माणसात मोजून दाखवलं. या लोकांनी आधी बाहेर पडण्याची वाट आखली आणि मग कण बनवला. आमच्यापैकी बहुतेकांनी उलट केलं.

आता 'लवकर' या शब्दाकडे. रोग माहीत असलेल्या माणसात तो कुठवर पसरलाय हे बघणं, आणि ठणठणीत माणसात रोग आहे का हे शोधणं, ही दोन संपूर्ण वेगळी कामं आहेत. आतापर्यंत सांगितलेली यशं सगळी पहिल्या कामातली. दुसऱ्यासाठी एक हिशेब करू. समजा १०,००० निरोगी दिसणाऱ्या लोकांत ५० जणांना रोग आहे आणि तुमचा कण ९० टक्के संवेदनशील, ९० टक्के विशिष्ट आहे, म्हणजे रोग नसलेल्यांपैकी ९० टक्क्यांना तो बरोबर 'निरोगी' ठरवतो. निबंधात हे आकडे उत्तम दिसतील. ५० पैकी ४५ सापडतील. पण रोग नसलेल्या ९,९५० मधले ९९५ जणसुद्धा 'संशयित' ठरतील. म्हणजे अहवाल हातात घेऊन घाबरलेल्या १,०४० जणांपैकी फक्त ४५ जणांना खरोखर रोग असेल. उरलेल्यांच्या सुया, बायोप्स्या आणि झोप उडालेल्या रात्री कुणाच्या खात्यावर मांडायच्या? शिवाय दाह, जुनी जखम, साधा संसर्ग, या सगळ्या ठिकाणी भक्षक पेशी असतात, आणि भक्षक पेशी दिसल्या की आपला कण तिकडे धावतो. विशिष्टता ९० च्याही खाली घसरायला एवढं पुरे.

निरोगी माणसाला टोचायच्या पदार्थाची सुरक्षितताही वेगळ्या काट्याने तोलावी लागते. गॅडोलिनियमचे रेणू आम्ही वर्षानुवर्षं निर्धास्त देत होतो. २००६ साली मूत्रपिंडं निकामी असलेल्यांत कातडी आणि अवयव घट्ट होण्याचा विकार त्यांच्याशी जोडला गेला. २०१४ साली मेंदूत त्यांचे अंश राहत असल्याचा संशय एमआरआयवर दिसू लागला आणि २०१७ साली युरोपने शिरेतून द्यायचे बहुतेक रेषीय (उघड्या साखळीच्या रचनेचे) प्रकार थांबवले. हे लहान, लवकर बाहेर पडणारे रेणू होते. कॅडमियम असलेले क्वांटम डॉट्स घेऊन कुणी रुग्णांच्या गोष्टी करू लागला की मी विषय बदलतो. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉट्सना मिळालं ते योग्यच होतं, पण ते शिरेत टोचण्यासाठी मिळालेलं नव्हतं. लोह त्या मानाने बरं, कारण शरीर ते मोडून हिमोग्लोबिनमध्ये वापरू शकतं. तरी अशक्तपणासाठी २००९ साली मंजूर झालेल्या फेरुमॉक्सिटॉल या लोहकणावर २०१५ साली जीवघेण्या ॲलर्जीचा ठळक इशारा छापावा लागलाच. त्याचा एमआरआयसाठी वापर मूळ परवान्याबाहेर सुरू झाला, आणि देताना रुग्णावर नजर ठेवावी लागते.

पुढच्या दहा वर्षांसाठी पैज लावायची तर मी दोन ठिकाणी लावीन. एक, फोटॉन मोजणारा सीटी. असं पहिलं यंत्र २०२१ साली अमेरिकेत मंजूर झालं. तो प्रत्येक फोटॉनची ऊर्जा ओळखतो, त्यामुळे सोन्याची के-कड वेगळी काढून 'हे सोनं, हे कॅल्शियम' असं सांगू शकतो. मात्रेचा प्रश्न त्याने मिटत नाही, सौम्य होतो. दुसरी पैज चुंबकीय कण प्रतिमांकनावर. २००५ साली जर्मनीत ग्लाइश आणि वायझेनेकर यांनी मांडलेल्या या पद्धतीत फक्त लोहकणच दिसतात, बाकी शरीर पूर्ण अदृश्य. एमआरआयमध्ये लोह म्हणजे काळोख, आणि काळोख रक्तस्रावामुळेही पडतो, हवेमुळेही. इथे तो गोंधळ नाही. माणूस मावेल असं यंत्र बनवणं मात्र कठीण जातंय.

तर पीएच.डी.साठी. मार्गदर्शकांना भेटायला जाल तेव्हा पुढचं विचारून घ्या. गाठी त्या त्या अवयवात वाढवता की कातडीखाली? प्रतिपिंड न लावलेल्या कणांची तुलना प्रत्येक फेरीत असते का? कणांचा आकार रक्तद्रवात मोजता का? जंतूंच्या विषाची, म्हणजे एंडोटॉक्सिनची चाचणी कोण करतं? ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळे उंदराला आलेला दाह अनेकदा कणाच्या माथी मारला जातो.

आणि पहिल्या वर्षी चकचकीत प्रतिमेच्या मागे न लागता एक तक्ता भरा: टोचलेल्या मात्रेपैकी यकृतात किती, प्लीहेत किती, मूत्रपिंडात, गाठीत, लघवीत, विष्ठेत किती. एक तास, एक दिवस, एक आठवडा, ९० दिवस. बेरीज शंभरच्या जवळपास येते का ते बघा. माझ्या पहिल्या तक्त्याची बेरीज ६१ आली होती, आणि उरलेले ३९ टक्के शोधण्यात माझं दुसरं वर्ष गेलं. त्यातले बरेचसे पिंजऱ्यातल्या भुश्शात सापडले.